फोडणीविना तापलेलं तेल

मे महिन्याचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्याकडे आगोटीची धांदल. कुडाळच्या आसपासच्या बेकऱ्या, बॉयलरवाले, गावोगावच्या स्मशानशेड आणि अजूनही अंघोळीचं पाणी चुलीवर तापवणारी घरं, सगळ्यांना पाऊस लागायच्या आत सुकं लाकूड हवं असतं. आमची जळाऊ लाकडाची वखार वडिलांच्या वेळेपासूनची. तेव्हा चार माणसं कुऱ्हाड, पाचर आणि घण घेऊन दिवसभर खपायची. आता तशी माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तरी गाठाळ काजूच्या बुंध्यापुढे टिकत नाहीत. म्हणून तीन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका वर्कशॉपमधून लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन करून आणलं.

मशीन साधंच आहे. १० हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर, तिला १८ सीसीचा गिअर पंप, १०० मिलिमीटर बोअरचा जॅक, पुढे पाचर आणि खाली ६० लिटरची तेलाची टाकी. पंप मिनिटाला साधारण २६ लिटर तेल ढकलतो. जॅक ६०० मिलिमीटर पुढे जायला अकरा सेकंद घेतो आणि आठ सेकंदांत मागे येतो. जादा प्रेशर टाकीत सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह १५० बारवर लावलेला, म्हणजे पाचरीवर जास्तीत जास्त १२ टन जोर. आकेशियाचा सरळ ओंडका एवढ्यात टरकन उकलतो.

तीन वर्षं तक्रार नव्हती. या मे महिन्यात मात्र रोजचा एकच खेळ सुरू झाला. सकाळी आठला मशीन झकास. साडेदहा-अकराला जॅक मरगळल्यासारखा चाले, आणि जो ओंडका सकाळी एका दमात फुटला असता, त्यात पाचर चार बोटं शिरून थांबे. एकदा टाकीवर सहज हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला.

किती तापलं ते तरी कळावं म्हणून कोविडच्या वेळी घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर शोधून काढलं. टाकीसमोर धरलं तर त्याने फक्त ‘हाय’ दाखवलं. बरोबरच आहे, माणसाला ८० अंश ताप येत नसतो. मग मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या मित्राकडून त्याची इन्फ्रारेड गन आणली. चकचकीत धातूवर ती खोटं बोलते, खूप कमी दाखवते. म्हणून त्याच्याच सांगण्यावरून टाकीवर, पंपावर, व्हॉल्व्हवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि तिच्यावर नेम धरला. टाकी ८४ अंश. बाहेर सावलीत ३४.

टाकीला एक ६८ नंबरचं तेल लागतं. हा ६८ आकडा तेलाच्या घट्टपणाचा, तोही ४० अंशांवरचा. ८० अंशांना तेच तेल पंधराच्या आसपास येतं, म्हणजे काकवीचं पाणी झालं म्हणा ना. असं पातळ तेल पंपाच्या गिअरच्या फटींतून मागच्या मागे निसटतं, जोर कमी पडतो, आणि निसटलेलं तेल आणखी तापतं. साडेदहाचा मरगळलेला जॅक म्हणजे हेच होतं. पण हे झालं तापल्यानंतरचं. तापतं कशामुळे?

पहिला उपाय मी जो केला तो आता सांगायला लाज वाटते. भिजवलेलं गोणपाट टाकीवर टाकलं आणि घरातला उभा पंखा समोर लावला. चार-पाच अंश उतरले, मी खूष. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या काचेतून पाहिलं तर तेल ताकासारखं पांढुरकं. टाकीवरच्या ब्रीदरवरच, म्हणजे टाकीच्या श्वास घ्यायच्या तोंडावरच, गोणपाट पडलं होतं. रात्री तेल गार होऊन आक्रसलं तेव्हा टाकीने हवेबरोबर पाणीही आत ओढून घेतलं. तरी खात्री करून घेतली. चमच्याएवढं तेल जुन्या पळीत घेतलं, बाहेरच्या चुलीवर धरलं. दोन सेकंदांत फोडणी पडल्यासारखं तडतडलं. तेलात पाणी नसतं तर नुसता धूर आला असता.

झालं. टाकी रिकामी, कपड्याने पुसून कोरडी, स्ट्रेनर, म्हणजे तेल गाळायची जाळी, काढून डिझेलने धुतला, वीस लिटरच्या तीन बादल्या नव्या तेलाच्या ओतल्या. अकरा-बारा हजारांना चाट. स्ट्रेनरवर थोडी झाडपाल्याची माती आणि रबराचा एक तुकडा निघाला, तेव्हा वाटलं सापडलं कारण. पंपाला तेल ओढायला त्रास होत असेल, म्हणून तापत असेल. त्या आनंदात दुपारी बाराला गन लावली. ८३.

आता मी माणसांवर घसरलो. मशीनवर दोघं असतात. त्यातला एक डावखुरा, हात भरभर चालणारा. ओंडका फुटल्यावरही लिव्हर पुढेच धरून ठेवायची त्याला सवय आहे. जॅक टोकाला टेकला की तेलाला वाट उरत नाही, ते रिलीफ व्हॉल्व्हमधून ‘सूंऽऽ’ करत टाकीत पडतं. ही सवय खरंच वाईट. पंपाने १५० बारला नेलेलं तेल काहीही काम न करता खाली पडलं, तर त्यात घातलेली सगळी ताकद उष्णतेत जाते. हिशेब केला तर साडेसहा किलोवॅट, म्हणजे टाकीत एकाच वेळी तीन गिझर बुडवून ठेवल्यासारखं. एक मिनिट जरी तो आवाज चालू राहिला तरी ६० लिटर तेल चार अंशांनी वर जातं. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. तो काही बोलला नाही. पुढचे दोन दिवस त्याने लिव्हर अगदी वेळेवर सोडला. तेल ८१.

मशीन बनवणाऱ्याला फोन केला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि पंप गेला म्हणून सांगून टाकलं. कदाचित गेलाही असेल. पण पंप गेला असता तर सकाळी थंड तेलावरही थोडा फरक दिसला असता, आणि सकाळी अकरा सेकंद म्हणजे अकरा सेकंदच लागत होते. मी मोबाईलवर मोजलं होतं. पंप मागवायच्या आधी जॅकचं सील तरी बघू म्हटलं. पिस्टनचं सील फाटलं असेल तर तेल जॅकच्या आतच एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकतं आणि तापतं.

ती तपासणी मात्र करण्यासारखी आहे, फार खर्चही नाही. जॅक पूर्ण पुढे नेला. मोटर बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवला, म्हणजे आत कोंडलेलं प्रेशर सुटतं. मग दांड्याच्या बाजूचा होज काढला, होजचं तोंड बूच लावून बंद केलं, आणि जॅकच्या उघड्या तोंडाखाली डबा धरला. मोटर सुरू करून लिव्हर पुन्हा पुढे. सील गेलं असतं तर त्या तोंडातून धार लागली असती. आधीचं आत राहिलेलं थोडं गळलं, मग नुसते दोन-तीन थेंब. सील ठणठणीत. (हे करताना तोंडासमोर हात नेऊ नये. बारीक फटीतून सुटलेलं प्रेशरचं तेल कातडीखाली घुसतं आणि बोट कापायची पाळी येते. गळती शोधायची असेल तर पुठ्ठा पुढे धरावा, हात नव्हे.)

रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवून बघायचा मोह दोनदा झाला. पण मशीनवर प्रेशर गेज नव्हतं, आणि गेजशिवाय तो स्क्रू फिरवणं म्हणजे डोळे मिटून वस्तरा चालवणं.

शेवटी रेडीच्या खाणीवर पोकलेन सांभाळण्यात आयुष्य घालवलेले एक काका आमच्या नात्यात आहेत, त्यांना स्कूटरवर बसवून आणलं. तेल बदलल्याचं ऐकून आधी हसलेच. ‘अरे मेल्या, आंगराखो बदलून ताप उतरता काय?’ मग मशीनभोवती एक फेरी मारली, कशालाही हात लावला नाही, आणि विचारलं, ‘मशीन काय्येक करीत नाय तेव्हा किती तापता, ता बघलंस काय?’

नव्हतं बघितलं. सगळी मोजमापं मी काम चालू असतानाच घेतली होती, कारण तापण्याचा संबंध कामाशी असणार हे मी धरूनच चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टाकी ३४ अंशांवर असताना, मोटर सुरू केली आणि कोणीही लिव्हरला हात लावायचा नाही असं सांगून आम्ही अर्धा तास चहा पीत बसलो. एक ढलपी फोडली नाही. काका घड्याळ बघत होते. अर्ध्या तासाने टाकी ५९.

पंचवीस अंश, आणि तेसुद्धा लाकूड न फोडता! तिथेच निम्मा उलगडा झाला. लिव्हरने चालणाऱ्या आमच्या व्हॉल्व्हला ओपन सेंटर म्हणतात. लिव्हर मधोमध असला की पंपाचं तेल व्हॉल्व्हच्या पोटातल्या मोकळ्या वाटेने सरळ टाकीत परत जातं, त्याला कोणी अडवत नाही. त्या वेळी पंपाला जेमतेम पाच-सात बार लागायला हवेत. दिवसातला बराचसा वेळ मशीन याच अवस्थेत असतं: ओंडका उचलून आणा, नीट बसवा, फुटलेले तुकडे बाजूला करा. जर ही मोकळी वाटच कुठे आवळली असेल, तर मशीन दिवसभर गुपचूप तेल तापवत बसणार आणि त्याचा आवाजही येणार नाही.

आता गेज हवंच होतं. कुडाळात २५० बारचं ग्लिसरीन भरलेलं गेज मिळालं, लेथवाल्याकडून एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, करून घेतली, आणि पंप आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बसवली. मोटर सुरू. लिव्हर मधोमध. काटा सरळ ४० बारवर जाऊन उभा राहिला.

काकांनी गेजकडे बघितलंच नाही, ते कान देऊन उभे होते. मला म्हणाले, लिव्हर बोटाने जरासा पुढे ढकल, पण जॅक हलता कामा नये. मी अंगठ्याने रेटला. एखाददोन मिलिमीटर सरकला असेल. आतापर्यंत इतकी सवय होऊन गेलेली एक बारीक शीळ, जी मला मोटरचाच आवाज वाटत होती, एकदम बंद झाली. काटा ४० वरून धाडकन ६ वर. अंगठा सोडला, लिव्हर पुन्हा मागे, शीळ सुरू, काटा ४०. मी हे सात-आठ वेळा केलं. लहान मुलासारखं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हा लिव्हर मीच बसवला होता.

एप्रिलमध्ये तो डावखुरा माणूस कामाला लागला. लिव्हर उजव्या हाताला होता, त्याची कुचंबणा होत होती. मी हौसेने एक लोखंडी दुवा कापून, वेल्ड करून लिव्हर डाव्या बाजूला आणला, आणि उडणाऱ्या ढलप्या लागू नयेत म्हणून व्हॉल्व्हपुढे एक पत्रा ठोकला. आमच्या व्हॉल्व्हला मागे यायची खाच आहे: लिव्हर मागे ओढून सोडला की जॅक आपला आपण परत येतो, टोकाला टेकून प्रेशर चढलं की खाच सुटते आणि स्प्रिंग स्पूलला, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांडीला, मधोमध आणते. आता ती स्प्रिंग स्पूल आणत होती, पण पूर्ण मध्यावर यायच्या दोन मिलिमीटर आधीच माझा दुवा त्या पत्र्याच्या कडेला टेकत होता. स्पूल मागच्या बाजूला किंचित कललेला राहायचा. जॅक आधीच पूर्ण आत असल्यामुळे हलायला जागा नाही, म्हणून बाहेरून काही दिसायचं नाही. लिव्हर उभा दिसायचा, मशीन शांत दिसायचं, आणि मधली वाट निम्मीअधिक झाकलेली.

एप्रिलमध्ये का नाही कळलं? तेव्हा ऑर्डरी तुरळक होत्या, मशीन दिवसाला तास-दीड तास चाले. तेवढ्यात तापायला लागे तोवर बंद व्हायचं. मे महिन्यात सात-सात तास चालू लागलं तेव्हा भांडं फुटलं.

रात्री कागदावर मांडून बघितलं. ४० बार आणि मिनिटाला २६ लिटर, म्हणजे पावणेदोन किलोवॅट सतत. ६० लिटर तेलाला मिनिटाला जवळजवळ एक अंश. टाकीचा पत्रा हवेला जेवढी उष्णता देऊ शकतो ती यापुढे किरकोळ. एका फेरीत तेल जेमतेम अडीच अंश तापतं, आणि मला आठवलं की पहिल्या दिवशी गनने व्हॉल्व्हच्या आधीचा आणि नंतरचा पाइप मोजला होता, ७६ आणि ७९ आले होते. तीन अंशांचा काय फरक म्हणून मी तो आकडा वहीत लिहून पुढे गेलो. तेच तेल दर सव्वादोन मिनिटांनी पुन्हा तिथूनच जात होतं, हे डोक्यात आलं नाही. तसाच मोटरच्या पॅनलवरचा अँपिअरचा काटा. रिकाम्या मोटरला तो सहाच्या जरा खाली असायचा, हल्ली सातला टेकत होता. मी समजत होतो व्होल्टेजचा खेळ आहे. आमच्याकडे कशाचंही खापर व्होल्टेजवर फोडता येतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. ग्राइंडरने पत्र्याची कड बोटभर कापली, दुव्याचं एक भोक लांबट केलं म्हणजे सांध्यात थोडी मोकळीक राहते आणि स्पूलला स्प्रिंग म्हणेल तिथे थांबता येतं. लिव्हर डाव्या बाजूलाच ठेवला. पुन्हा तीच चहाची चाचणी, अर्धा तास, कोणी हात लावायचा नाही: ३४ वरून ३८. पूर्ण दिवस काम केल्यावर दुपारी तीनला टाकी ६१, आणि गाठाळ आंब्याचा बुंधासुद्धा सकाळसारखाच फुटला. कूलर बसवायचा विचार चालला होता, तो रद्द. टाकीत मात्र पुढच्या वेळी तेल काढीन तेव्हा एक आडवा पत्रा टाकायचा आहे. परत येणारं तेल आणि पंपाकडे जाणारं तेल टाकीत शेजारीशेजारी आहे, गरम तेल टाकीभर फिरून गार व्हायच्या आतच पुन्हा ओढलं जातं. तो बनवणाऱ्याचा आळस, पण त्याने एकट्याने कोणाचं मशीन तापवलेलं नाही.

डावखुऱ्याला मी सांगितलं की चूक माझी होती. तो म्हणाला, लिव्हर सोडल्यावर थोडा अडकल्यासारखा लागतो हे त्याला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, ‘तुमी बनवलेलो, माका वाटला तसोच असतलो.’ यावर काय बोलणार. आता गेज टी-सकट मशीनवरच कायम ठेवलंय, तोंड त्याच्याकडे करून. सकाळी मोटर सुरू झाली की तो तिथूनच ओरडून आकडा सांगतो. सहा असला की कामाला सुरुवात.

ते ताकासारखं झालेलं ६० लिटर तेल एका पिंपात भरून मागच्या पडवीत ठेवलंय. पाणी खाली बसलं की वरचं कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासायला मागणाऱ्यांची रांग लागली आहे. काकांना पहिला डबा भरून दिला.